शनिवारचं कळणं

शनिवारी त्या घरात मला कुणी काम सांगत नसे. ऐकणाऱ्याला वाटेल, काय नशीब काढलंय पोरीनं. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण दोन महिन्यांत त्या वाराचा मला असा काही वैताग आला, की मी मामाला म्हटलं, मला घरी नेऊन सोड, ही माणसं शनिवारी कोड्यात बोलतात. मामा त्याच वाडीत चिकू उतरवायला होता. काठीच्या टोकाची जाळी सोडवत तो म्हणाला, "घरी जाऊन काय, नागली निंदायची? आठवीची पुस्तकं कोण वाचंल मग?" एवढं बोलून तो झाडावर चढला आणि माझं घरी जाणं तिथंच संपलं. आज त्या मामाचे पाय धरावेसे वाटतात. तेव्हा मात्र मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

घर चिखल्याहून बोर्डीकडं जाताना, रस्त्यापासून आत, वाडीतच होतं. बसकं, कौलारू, पुढं ऐसपैस ओटा. बारा महिने तिथं पिकल्या चिकूचा गोड, जरासा आंबूस वास भरलेला असे, आणि वारा फिरला की समुद्राचा. घरात माणसं दोनच. शिमोन सर, म्हणजे हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांची बायको दीनामावशी. मुलगा-सून इस्रायलला. ही बेने इस्रायल, म्हणजे ज्यू, माणसं. पिढ्यानपिढ्या कोकणात राहिलेली, घरात मराठीच बोलणारी, भांडणारीही मराठीतच. पण देव एकच आणि त्याची मूर्ती नाही. सकाळी सर डोक्यावर टोपी घालून हिब्रूत प्रार्थना म्हणत, नाकातून सूर लावून, आणि त्या वेळी मावशी भांडी आपटायची नाही. दाराच्या चौकटीला बोटभर लांबीची एक डबी तिरकी ठोकलेली होती, आत शास्त्रातल्या ओळींची गुंडाळी. येताजाता दोघं तिला हात लावून ती बोटं ओठांना टेकवत.

माझी आई मला पोचवायला आली तेव्हा ती डबी बघून दारातच थबकली. आमचं गाव तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडं. भात, थोडी नागली, म्हणजे नाचणी, दोन बैल, आणि शाळा सातवीपर्यंत. पोरीला पुढं शिकवायचं तर कुठंतरी ठेवायला हवं होतं, आणि मामानं सरांना विचारलं तेव्हा सर नुसतं "आण" म्हणाले होते. आईनं वाटभर मला सांगितलं होतं, की मोठ्या माणसांपुढं तोंड चालवू नको. पण मावशी दिसताच तिनंच घाईघाईनं कबुली देऊन टाकली. "पोर माजी वांड हाय, बाई. उलटून बोलते."

"बोलू दे," मावशी म्हणाली. "या घरात बोलायला आहे कोण?"

आईनं नागलीच्या पिठाचं गाठोडं पुढं केलं. मावशीनं ते दोन्ही हातांनी घेतलं, उघडून वास घेतला आणि मग तिथंच आईला बसवून चहा दिला. आई परत जाताना रडली नाही. चांगलं घर आहे, असं तिला त्या वास घेण्यावरून कळलं होतं, असं तिनं मला फार वर्षांनी सांगितलं.

आता शनिवार. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत ती दोघं विस्तव पेटवत नसत, दिव्याचं बटण दाबत नसत, फोन कपाटात ठेवून देत. आणि आपण करायचं नाही ते दुसऱ्याला सांगायचंही नाही, अशी त्यांच्या घरातली जुनी रीत होती. मात्र ज्याला शनिवार नाही अशा माणसाला आपसूक कळलं आणि त्यानं ते केलं, तर त्याला कोण अडवणार? हे सगळं मला कुणी आधी सांगितलं असतं तर ठीक होतं. पहिल्याच शनिवारी आभाळ भरून आलं, दुपारीच घर काळोखलं आणि सर खुर्चीतून म्हणाले, "उजेड कमी झालाय."

"हो ना," मी म्हटलं, "ढग आलेत." आणि शेंगदाणे सोलत बसले.

ती दोघं तशीच बसून राहिली. मीही बसले. मला वाटलं, अंधारात बसायची यांची पद्धत असेल. मग मावशी फिसकन हसली आणि सर म्हणाले, "दीना, हसू नकोस, नवी आहे ती." तरी दिवा लाव असं कुणी म्हटलं नाही. चांदण्या निघाल्यावर सरांनी स्वतः बटण दाबलं आणि मग मला सगळं उलगडून सांगितलं.

"म्हणजे तुम्ही मला लाव म्हणत होतात?"

"म्हणत नव्हतो," सर म्हणाले. "म्हणायचं नसतं."

"मग मला कळायचं कसं?"

"ते तुझं तू बघ," मावशी म्हणाली. "नाही कळलं तर बसू अंधारात. आम्हाला काय होतंय?"

मला राग आला. पण मी हट्टी होते, आणि कुणी आपल्याला कळत नाही म्हटलं की मला झोप यायची नाही. मी शिकले. "आज उकडतंय" म्हणजे पंखा. "काल चहा छान झाला होता" म्हणजे चहा. मग बोलायच्याही आधी कळायला लागलं. मावशीची चप्पल पायातल्या पायात हलली की तिला ओट्यावर जायचंय, खुर्ची उचलायची. सरांनी उशीखाली चाचपलं की चष्मा. वर्षभरात मी इतकी तयार झाले, की मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या यमूला सांगावं लागत नाही." यमुना माझं नाव, पण त्या घरात मी यमू होते, आणि काही सांडलं-फुटलं की यमे. हे कौतुक ऐकून माझं डोकं वाडीच्या कुंपणाबाहेर जाईल एवढं फुगलं.

चांदण्या बघण्याचं कामही माझ्याकडं आलं, कारण सरांची नजर अधू होती. शनिवारी संध्याकाळी मी अंगणात मान वर करून उभी, आणि ओट्यावरून सर विचारणार, "किती झाल्या?" तिसरी दिसली की शनिवार संपला, कपाटातला फोन बाहेर, आणि मग मुलाचा फोन. त्या फोनची दोघांना इतकी ओढ असायची, की एकदा मी दया येऊन लवकरच "तिसरी" म्हणून ओरडले. मावशी बाहेर आली, तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "यमे, तुझी चांदणी मुंबईला चाललीय बघ." ते विमान होतं.

खाण्याचं म्हणाल तर शुक्रवारी दुपारपासून घर नुसतं उकळत असे. दोन दिवसांचं रांधून ठेवायचं. नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण, वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकरी. खवलं असलेलाच मासा त्यांना चाले, त्यामुळं कोळंबी त्या घरात कधी शिजली नाही. मी मामाच्या बिऱ्हाडी जाऊन खाऊन यायचे, आणि परतल्यावर मावशी माझ्याकडं बघून म्हणायची, "तोंड धू." दिवेलागणीला सर पांढरा सदरा घालून उभे राहत, काळ्या मनुका भिजवून कुसकरलेलं सरबत प्याल्यात घेऊन प्रार्थना म्हणत आणि भाकरी मोडून मीठ लावून पहिले तुकडे आम्हाला देत. नागलीची भाकरी असली तर तीच मोडत. माझ्या बापाच्या शेतातली नागली त्या प्रार्थनेखाली यायची, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं, आणि बरं वाटतं.

शनिवारी जेवणं झाल्यावर मी सरांना वाचून दाखवायचे. त्यांच्याकडं हिब्रू शास्त्राचे जाडजूड ग्रंथ होते, एका बाजूला हिब्रू, एका बाजूला मराठी. मराठी बाजू माझी. त्या वर्षी मी दहावीत होते, वर्गात पहिली यायचे, जे वाचेन ते पाठ व्हायचं, आणि हे मी कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. सर एका दुपारी म्हणाले, "तू एवढी हुशार, तर सांग बघू, ज्ञान म्हणजे काय?"

मी पुस्तकातली व्याख्या धाडकन म्हणून दाखवली. माहितीचा संचय आणि तिचा योग्य वापर.

"पूर्ण मार्क," सर म्हणाले. "पण आमच्या शास्त्रात हे चालायचं नाही. तिथं ज्ञान डोक्यात साठवत नाहीत. तिथं पहिल्या माणसानं आपल्या बायकोला जाणलं, असं म्हटलंय. आणि मग त्यांना मूल झालं."

"म्हणजे आधी त्यांची ओळख नव्हती?" मी विचारलं.

सर खोकले. मावशी आडवी झाली होती, ती उठून बसली आणि म्हणाली, "हं, सांगा आता. तुम्हीच विषय काढलात." सर पाणी प्यायले आणि सरळ बैलावर आले. म्हणाले, एक संदेष्टा लोकांवर चिडून म्हणतो, की बैलालासुद्धा आपला धनी कळतो, यांना कळत नाही. मी लगेच सांगितलं, की आमच्या ढवळ्याला बा'च्या पायाचा आवाज गोठ्यातून कळतो, बा तापानं पडला तर तो गवताला तोंड लावत नाही. "बघ," सर म्हणाले, "ढवळ्यानं कुठली व्याख्या पाठ केली होती?" मग त्यांनी एका राजाची गोष्ट सांगितली. त्यानं मोठा वाडा बांधला, आणि दुसऱ्या एका संदेष्ट्यानं त्याला सुनावलं, की तुझा बाप गोरगरिबांचा न्याय करायचा, देवाला जाणणं ते एवढंच. देव असा जाणायचा असतो हे मला नवीन होतं. आमच्याकडं देवाला नारळ फोडतात, कोंबडं देतात, त्याला जाणायचं कुणी म्हणत नाही.

शेवटी त्यांनी मला एक पान काढायला लावलं. मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, सरांचे पूर्वज गुलाम होते, कण्हत होते. ते कण्हणं देवानं ऐकलं, त्यानं बघितलं, आणि त्याला कळलं. बस्स. प्रकरण तिथं संपत होतं.

"काय कळलं?" मी विचारलं.

"ते सांगितलेलं नाही."

"मग हे उत्तर अपुरं आहे, सर. आमच्या बाई मार्क कापतील."

सर इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुढं वाच," ते म्हणाले. "पुढं तो म्हणतो, मी खाली उतरलोय. कळणं म्हणजे ते, यमे. ज्याला कळलं तो बसून राहत नाही, उठतो. उठला नाही, तर त्याला नुसती बातमी समजली. याला आम्ही दाअत म्हणतो." मी ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि पाठ केलं. आता हसू येतं. पाठच केलं मी.

सर तसं वागतही. बारावीच्या हिवाळ्यात तलासरीकडं जमीन हलायला लागली. एकदा नाही, दोनदा नाही, आठवड्याला हलायची. भिंतींना भेगा गेल्या, माणसं घर सोडून अंगणात राहायला लागली. आमच्याकडं चिखल्याला नुसती कपबशी किणकिणायची, पण मी लगेच घरी फोन लावायचे. बा फोनवर म्हणाला, साडीचा आडोसा केलाय, थंडी फार. मी सरांना यातलं काही सांगितलं नव्हतं. फोन ठेवून मी भांडी घासायला बसले होते, एवढंच. त्याच दिवशी सरांनी मामाला बोलावलं, आणि दुसऱ्या दिवशी चिकूच्या टेंपोतून आमच्या पाड्यावर ताडपत्री, घोंगड्या आणि तांदळाचं पोतं पोचलं. आमच्याच घरापुरतं नव्हे, शेजारच्या चार घरांनाही. त्या ताडपत्रीखाली माझ्या आईनं तो हिवाळा काढला.

आणि मग तो शनिवार. बोर्डाची परीक्षा दोन आठवड्यांवर होती. आमच्या पाड्यावरून बारावी सायन्सला बसणारी मी पहिली, आणि मला नर्सिंगला जायचं होतं. मार्क कमी पडले तर दुसरी वाट नव्हती. सकाळी दहाचा सुमार असेल. सर आतल्या खोलीत प्रार्थना आटोपून पडले होते. मावशी ओट्यावर आरामखुर्चीत, आणि मी तिच्या पायाशी चटईवर रसायनशास्त्रात डोकं घालून. मावशीच्या हातात दोन काचेच्या बांगड्या असत, आणि बसल्या बसल्या खुर्चीच्या दांड्यावर त्या टकटक वाजवायची तिला सवय होती. तो आवाज घरातल्या घड्याळासारखा झाला होता, वेगळा ऐकू यायचा नाही.

"आज हवा जड आहे, नाही?" मावशी म्हणाली. मी पुस्तकातून मान वर न करता उठले, पंख्याचं बटण दाबलं, परत बसले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "यमू, डॉक्टर शनिवारी असतात का गं?"

"एकपर्यंत असतात," मी म्हटलं, आणि पान उलटलं.

ती "हं" म्हणाली. मग म्हणाली, "वाच तू. वाच." आणि मी वाचलं. अर्धा तास वाचलं. साडेचार वर्षं जिच्या चपलेची हालचाल मला कळत होती, तिनं डॉक्टरांचं विचारलं आणि मी तिला दवाखान्याची वेळ सांगितली. त्यानंतर आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण ही एक अजून तशीच बोचते.

टकटक थांबली होती. ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा किती वेळ झाला होता कोण जाणे. मी वर बघितलं. पंखा चालू असून मावशीचा चेहरा घामानं निथळत होता, ओठ पांढरे पडले होते आणि डावा हात मांडीवर उलटा पडला होता. मी मामाच्या नावानं बोंब मारली. सर भिंत धरत धरत बाहेर आले, मावशीच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "यमे, कपाटातला फोन काढ. दवाखान्यात लाव." शनिवारी त्यांनी मला तोंडानं सांगितलेलं ते पहिलं काम. टेंपोत चिकूचे क्रेट अर्धे चढले होते, ते मामानं खाली ओढले, आणि मावशीला गादीसकट उचलून वर ठेवलं. शनिवारी कधी गाडीत न बसलेले सर मामाच्या खांद्याला धरून मागं चढले. डहाणू येईपर्यंत ते मावशीचा हात चोळत होते.

हार्ट अटॅक होता. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आणलंत म्हणून वाचल्या. अर्धा तास आधी आला असतात तर आणखी बरं झालं असतं." सरांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि मी दुसरं.

मावशी घरी आली, पण अर्ध्या ताकदीची. ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबायची. आणि सर? सर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "यमूला न सांगता कळतं. म्हणून दीना वाचली." मुलाला फोनवर सांगितलं. मुलगा फोनवर रडला आणि मला म्हणाला, तू माझी बहीण आहेस. बा खबर घ्यायला आला तर त्यालाही सांगितलं, आणि माझा बा, जो कुणासमोर कधी ताठ बसला नाही, तो त्या दिवशी पाठ सरळ करून बसला. ते मला बघवलं नाही. मी आत जाऊन परत तेच रसायनशास्त्र उघडलं. खरं सांगायचं धैर्य होत नव्हतं. सांगितलं तर हे घर तुटेल, ही दोघं माझ्याकडं पूर्वीसारखं बघणार नाहीत, आणि या घराशिवाय आता मला राहवणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. परीक्षा दिली, पेपर चांगले गेले. त्याचाही मला राग आला.

शेवटच्या पेपरानंतरच्या रविवारी सरांनी मलिदा करायचं ठरवलं. संकट टळलं, नवस फळला, मूल झालं, की बेने इस्रायल माणसं एलियाहू संदेष्ट्याचं नाव घेऊन देवाचे आभार मानतात, त्याला मलिदा म्हणतात. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, आणि पाच तऱ्हेची फळं ताटात रचायची. ठाण्याहून, पनवेलहून नातलग यायचे होते. सर म्हणाले, "आभार मानताना तुझंही नाव घेणार मी." सकाळी स्वयंपाकघरात मी नारळ खवत होते आणि मावशी स्टुलावर बसून पोहे निथळत होती. माझा हात चालेना.

"मावशी," मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांचं विचारलं होतंत."

"हो."

"मला वाटलं, नुसतं विचारताय."

"तुला काही वाटलं नाही. तू पुस्तकात होतीस."

म्हणजे तिला सगळं आठवत होतं. "मग परत का नाही म्हणालात? जिवावर आलं तर शनिवार बाजूला, असं सर शंभरदा सांगतात."

"जिवावर आलंय हे मला तरी कुठं कळलं? पित्त वाटलं." तिनं पोहे हातानं सैल केले. "आणि तुझ्याकडं बघितलं. म्हटलं, साडेचार वर्षं या पोरीनं माझा पंखा, माझी खुर्ची, माझा चहा बघितला. आता तिची परीक्षा आलीय. अर्धा तास आपण तिचं बघू."

मी रडायला लागले. मावशी म्हणाली, "खोबऱ्यात रडू नकोस, खारट होईल." मग परात माझ्या हातातून काढून घेतली. "ह्यांना मी बोलले नाही. ते तुझं आहे सांगायचं. पण आभाराचं ताट मांडायच्या आधी जा आणि सांग."

सर आतल्या खोलीत खिडकीशी बसले होते, मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक उघडं. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं. एकपर्यंत असतात, असं मी म्हटलं होतं, तेही. अंगणात मामा सतरंजी झटकत होता, तो आवाज येत राहिला. सर आता जा म्हणतील, याची मी वाट बघत होते. मग सर म्हणाले, "उजेड कमी झालाय."

रविवार होता. बटण त्यांच्या हाताशी होतं. पण काम मिळालं याचंच मला बरं वाटलं आणि मी धावत बटणाशी गेले. बटण दाबलेलंच होतं. ट्यूब चालू होती. मार्चचं ऊन खिडकीतून सरांच्या पायांपर्यंत आलं होतं.

"लाइट चालू आहे, सर," हे अगदी जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. ढग आलेत, एकपर्यंत असतात, आणि आता हे तिसरं. मग एकेक आठवायला लागलं. भिंत धरून बाहेर येणं. फोन तू लाव. किती झाल्या चांदण्या, एक तरी दिसते का ते स्वतः न बघता विचारणं. मी जाऊन त्यांच्या पायाशी बसले, मांडीवरचं पुस्तक घेतलं आणि वाचायला लागले. शेवटची पानं देवनागरीत छापलेली होती, हिब्रू शब्द मराठी अक्षरांत. मी एक ओळ वाचायची, सर ती म्हणायचे.

"कधीपासून?" मी मधेच विचारलं.

"दिवाळीपासून कमी होतंय. तुझी परीक्षा होऊ दे म्हटलं. मग दीनाचं झालं."

"आणि मी आत्ता सांगितलं ते?"

"ऐकलं. राग आला, म्हणून गप्प बसलो." त्यांनी चाचपत माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मग वाटलं, तुला अर्धा तास उशीर झाला. मी तर चाळीस वर्षांचा संसार करून आत झोपलो होतो. वाच पुढं."

दुपारी ताट मांडलं. वरती आमच्याच वाडीतले चिकू. मी सरांच्या मागं बसून हळू आवाजात ओळ सांगत होते आणि ते खणखणीत म्हणत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही, फक्त मावशी माझ्याकडं बघत राहिली. आभार मानायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, "यमूला उशिरा कळलं. मला त्याहून उशिरा. तरी दीना आपल्यात बसलेली आहे. देवाचे आभार." पाहुण्यांना त्यातलं काय समजलं ते त्यांनाच ठाऊक. मलिद्याची पहिली मूठ मावशीनं माझ्या हातावर ठेवली. तेवढा गोड घास मी आजवर दुसरा खाल्लेला नाही.

सोमवारी मी कुणाला न विचारता सरांना डहाणूला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून गच्च झालेला. महिन्याभराच्या अंतरानं दोन्ही काढले. त्यानंतरच्या एका शनिवारी सर स्वतः अंगणात आले, मावशीला हात देऊन पायरी उतरवली, आणि मी "तिसरी" म्हणाले तर वर बघून म्हणाले, "ते विमान आहे." तिसरी चांदणी त्यांनी मला दाखवली.

दोघं आता नाहीत. मलाही निवृत्त होऊन वर्षं झाली, केस पिकले. नोकरी मी तलासरीकडंच केली, सरकारी दवाखान्यात. डोंगराकडच्या बाया यायच्या, लांबून चालत, आणि ओट्यावर कडेला बसायच्या. दुखतंय असं कधी म्हणायच्या नाहीत. बराच वेळ बसून मग खिडकीशी येऊन हळूच विचारायच्या, "डॉक्टर आज असतात का वो?" नव्या पोरी रजिस्टरमधून मान वर न करता सांगायच्या, "एकपर्यंत." त्यांना मी रागावले नाही कधी. मी हातातला कागद खाली ठेवायचे आणि उठायचे.